पोटातले शेत पडीक पाडू नका

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात भाषण म्हटले की वीज, पाणी, कर्ज आणि बाजारभाव यांवर बोलायचे ही आपली रीत आहे. आज आम्ही पोटावर बोलणार आहोत. पोट भरण्यावर नव्हे, पोटाच्या आत जे नांदते त्यावर.

कारण सांगतो. मागच्या मेळाव्याला मंडपाबाहेर एक गाडी उभी होती. तिच्यावर फलक होता : 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा, एका पुडीत कोट्यवधी जिवंत जिवाणू.' महिनाभराच्या पुड्यांचा डबा साडेसातशे रुपयांना. सभा संपेपर्यंत गाडी रिकामी झाली. आम्ही संघटनेची माणसे स्वतःला शहाणी म्हणवून घेतो, पण आमच्यातल्याही तिघांनी डबे घेतले. एकाने गुडघ्याच्या दुखण्यासाठी, दुसऱ्याने नातवाला सारखी हगवण लागते म्हणून, आणि तिसऱ्याने का घेतला ते त्याला अजून सांगता येत नाही. महिन्याने हिशेब मांडला. गुडघा दुखतोच आहे. नातवाची हगवण थांबली, पण त्याच महिन्यात त्या घरची पाण्याची टाकी घासून धुतली होती. मग पुडीने थांबली की टाकी धुतल्याने, हे कसे ठरवणार?

पुढच्या बैठकीत बायांनी सरळ विचारले, "हे खरे आहे की थोतांड? आणि आमच्या विरजणात काय कमी आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही. मग डॉक्टरांना विचारले, पशुवैद्यांना विचारले, प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचून घेतले. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. थोडक्यात उत्तर असे, की पोटातल्या जिवाणूंची गोष्ट खरी आहे आणि त्यावर उभा राहिलेला बराचसा बाजार खोटा आहे. यातले खरे आणि खोटे निवडायला शिकणे हेच आजचे काम.

सुरुवात गोठ्यातून करू

जिवाणू म्हणजे रोग, असे शाळेने शिकवले. निदान शेतकऱ्याने तरी ते पुरते मानू नये. गाय कडबा खाते, पण कडबा पचवण्याची ताकद गाईच्या स्वतःच्या अंगात नाही. तिच्या कोटीपोटात जिवाणूंचा मोठा खटला असतो. तो कडबा आंबवतो, त्यातून आम्ले तयार होतात आणि त्या आम्लांवर गाय जगते. दावे सुटून गाईने रात्री ज्वारीच्या राशीत तोंड घातले तर दुसऱ्या दिवशी ती बसते. ज्वारीत विष नव्हते. पण चारा पचवणारे जिवाणू मागे पडले, आम्ल करणारे बेसुमार वाढले आणि कोटीपोट आंबले. अशा वेळी पशुवैद्य धडधाकट जनावराच्या कोटीपोटातले पाणी काढून आजारी जनावराला पाजतात. म्हणजे जिवाणूंचे विरजणच लावतात.

शेतातही तेच आहे. हरभरा उपटला की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींत रायझोबियम राहतो आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतो. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धकाचे पाकीट आपण चोळतोच. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही, बांधावर उन्हात ठेवलेले पाकीट मेलेले असते, आणि जमिनीत सेंद्रिय कर्बच नसेल तर चांगले पाकीटही फार करीत नाही. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. माणसाच्या पोटाचा सगळा हिशेब त्यांत आहे.

माणसाचे मोठे आतडे

आपल्या पोटातले जिवाणू मुख्यतः मोठ्या आतड्यात असतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्यांचा अंदाज मांडला. एका माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, तर त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. वजन मात्र सगळ्यांचे मिळून पाव किलोच्या आतच भरते.

हे काय खातात? आपण खाल्लेली साखर, पिठूळ भाग, तेल आणि प्रथिने बहुतेक लहान आतड्यातच शोषली जातात. पुढे जातो तो कोंडा, डाळीचे टरफल, भाजीचा चोथा, फळांची साल. आपल्याला न पचणारे हे तंतू म्हणजे जिवाणूंचा चारा. ते आंबवून जिवाणू जी आम्ले तयार करतात त्यांत ब्युटिरेट नावाचे एक आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. गाईच्या कोटीपोटाचाच हा धाकटा भाऊ म्हणा.

आईच्या दुधाचे उदाहरण घ्या. त्यात काही शर्करा अशा आहेत की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. मग निसर्गाने त्या घातल्या कशाला? बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जिवाणूंना त्या पचतात. आई दूध पाजते तेव्हा बाळाबरोबर बाळाच्या जिवाणूंनाही पाजते. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हे जे दवाखान्यात सांगतात त्याला मोठा आधार आहे. जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची आपली पद्धत तर सोडूनच द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावरचे दुखणे होऊ शकते.

राखणदार आणि दाह

आता रोगप्रतिकारशक्तीकडे येऊ. अंगात शिरणाऱ्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा एक मोठा तळ आतड्याच्या भिंतीत आहे. साहजिकच आहे, कारण बाहेरचा माल रोज तिथूनच आत येतो. बोटात काटा रुतला की बोट लाल होते, सुजते, गरम होते, ठणकते. हा दाह. तो राखणदाराने केलेला आरडाओरडा आहे आणि तो हवाच. माळ्यावरचा राखण्या पाखरे आल्यावर गोफण चालवतो, पाखरे उडाली की थांबतो. पण समजा तो थांबलाच नाही, दिवसरात्र दगड भिरकावीत राहिला, तर कणसे कोणाची फुटतील? आपलीच.

असा न थांबणारा मंद दाह अंगात धुमसत राहिला की त्याचा संबंध मधुमेहाशी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराशी आणि आतड्याच्या चिवट आजारांशी लागतो. राखणदाराला कुठे मारायचे आणि कुठे थांबायचे, हे शिकवण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा हात आहे. २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की ब्युटिरेटमुळे दाहाला आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. २०१६ सालच्या उंदरांवरच्याच दुसऱ्या प्रयोगात त्यांच्या खाण्यातले तंतू काढून टाकले. उपाशी जिवाणूंनी काय केले? आतड्याच्या भिंतीवर बुळबुळीत पदार्थाचा जो संरक्षक थर असतो, तोच खायला सुरुवात केली. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना भिंत गाठणे सोपे झाले. चारा संपला की जनावर कुंपण खाते, ते तुम्हाला आम्ही काय सांगायचे!

पंगत बदलली तेव्हा

उंदरांचे झाले, माणसांचे काय, असे तुम्ही विचाराल. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ऐका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातली २० कृष्णवर्णीय माणसे आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतली २० माणसे घेतली. दोघांचे वंशमूळ आफ्रिकेचे, पण अमेरिकेतल्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग फार आणि आफ्रिकेच्या खेड्यांत तो क्वचित. दोन आठवडे त्यांची ताटे बदलली. शहरातल्यांना मक्याचा घाटा, कडधान्ये आणि भाजी. खेड्यातल्यांना मांस, तळण आणि चरबीचे अमेरिकी जेवण. शहरातल्यांचे तंतू दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेले, खेड्यातल्यांचे ६६ वरून १२ वर आले.

अवघ्या दोन आठवड्यांत आतड्यातला फरक दिसला. शहरातल्यांच्या आतड्याच्या अस्तरातला दाह कमी झाला आणि ब्युटिरेट वाढले. खेड्यातल्यांचे नेमके उलटे झाले. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही आणि जातही नाही, हे खरे. पण ज्या खुणांवरून पुढचा धोका ओळखतात त्या खुणा हलल्या. आता आपल्याच घरी बघा. आजोबा ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि अंबाडीची भाजी खात होते. नातू मैद्याची बिस्किटे चहात बुडवतो. पंगत आपल्याकडेही बदलली, फक्त मोजायला कोणी आले नाही.

गोठ्याची धूळ, गटाराची घाण

राखणदाराचे शिक्षण लहानपणीच होते आणि ते फक्त आतड्यात होत नाही. अमेरिकेतल्या दोन शेतकरी जमातींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अमिश लोक घोड्यांनी शेती करतात, घराला लागून गोठा असतो आणि मुले त्यात खेळतात. हटराइट लोकांची शेती मोठी, यांत्रिक, आणि गोठा घरापासून लांब. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातले. पण दम्याचे प्रमाण अमिश मुलांत सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. अमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या अंशाचे प्रमाण जवळजवळ सातपट होते. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तेव्हा उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळाले.

हे ऐकून कोणी 'आमचे गाव घाण आहे तेच बरे' असा अर्थ काढू नये. गोठ्याची धूळ आणि पाण्यात मिसळलेला माणसाचा मैला यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मैल्याचे पाणी पिणाऱ्या मुलांची आतडी सतत दाहात राहतात, खाल्लेले अंगी लागत नाही, उंची खुंटते. तसेच निरसे दूध पिऊ नका. त्यातून गाईचा क्षय आणि ब्रुसेला माणसाला होतात. दूध तापवा, मग विरजण लावा.

पुडी म्हणजे बियाण्याची पिशवी

आता त्या गाडीवरच्या पुडीकडे वळू. ही कल्पना जुनी आहे. मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले होते की बल्गेरियाचे शेतकरी आंबवलेल्या दुधामुळे दीर्घायुषी होतात. त्या दीर्घायुष्याचा पुरावा कच्चा होता, पण दिशा लोकांच्या डोक्यात राहिली. २००१ साली अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या ठरवली. तिचा अर्थ असा, की जिवंत सूक्ष्म जीव, पुरेशा संख्येने दिले, आणि त्यांनी आरोग्याला फायदा केला, तरच त्यांना प्रोबायोटिक म्हणावे. जिवंत, पुरेसे, फायदा. तिन्ही हवेत.

या कसोटीला उतरलेले एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉ. पिनाकी पाणिग्रही हे त्याचे प्रमुख होते. पुरेशा वजनाच्या, आईच्या दुधावरच्या बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर दोन-चार दिवसांत सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम या जिवाणूचा एक ठरावीक वाण दिला, आणि त्याच्याबरोबर त्याचा चारा म्हणून एक तंतुमय शर्करा. उरलेल्या बाळांना दिसायला तशीच पण जिवाणू नसलेली पूड दिली. दोन महिने लक्ष ठेवले. रक्तात जंतुदोष होणे किंवा मृत्यू, हे प्रमाण नुसत्या पुडीच्या बाळांत ९ टक्के होते, ते जिवाणू दिलेल्या बाळांत ५.४ टक्क्यांवर आले. शंभरातल्या साडेतीन बाळांवरचे संकट टळले, आणि तेही सात दिवसांच्या स्वस्त पुडीने. बियाणे आणि खत एकत्र दिले होते, हेही विसरू नका.

आता दुसरी बाजू. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र आजाराच्या रुग्णांना जिवाणूंचे मिश्रण देऊन पाहिले. २००८ साली निकाल आला. जिवाणू दिलेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९. मदत म्हणून दिलेली वस्तू अत्यवस्थ माणसाला घातक ठरली. २०१८ साली इस्रायलमध्ये निरोगी माणसांना आधी प्रतिजैविके दिली आणि मग काहींना अकरा जातींच्या जिवाणूंची पुडी. पुडी घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. नव्या वाणाने शेत अडवले आणि गावरान उगवेना.

मग पुडी घ्यावी की नाही? कपाशीची पिशवी आपण कशी घेतो? नुसते 'कापूस' लिहिलेली पिशवी कोणी घेतो का? जात विचारतो, उगवणशक्ती बघतो, मुदत बघतो, आणि आपल्या जमिनीत ती चालते का ते शेजाऱ्याला विचारतो. पुडीलाही हेच चार प्रश्न विचारा. जिवाणूचा नेमका वाण कोणता? मुदत संपेपर्यंत जिवंत किती राहतील? उन्हातल्या गाडीवर ठेवून चालते की थंड जागा लागते? आणि हा वाण कोणत्या आजारात उपयोगी ठरला आहे? 'सगळ्यांत' असे उत्तर आले की समजावे, बियाणे बोगस. गुडघा, साखर, दमा, केस गळणे आणि परीक्षेतले गुण या सर्वांवर चालणारा वाण अजून जन्माला यायचा आहे. आमच्या तीन डब्यांवर यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर छापलेले नव्हते. ते आम्ही वाचले, पण पैसे दिल्यावर.

तणनाशक हात राखून

पुडी विकत घेण्यापेक्षा आहेत ते जिवाणू न मारणे जास्त महत्त्वाचे. प्रतिजैविक औषध हे पोटातले तणनाशक आहे. न्यूमोनिया झाला, रक्तात जंतू गेले, तर ते जीव वाचवते आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते पूर्ण घेतलेच पाहिजे. पण ते तण आणि पीक यांत निवड करीत नाही. सर्दी आणि बहुतेक ताप विषाणूंचे असतात. त्यांवर ते चालतच नाही. तरीही आपण दुकानात जाऊन 'भारी गोळी द्या' म्हणतो. लहान मुलाला पाण्यासारखे जुलाब झाले तर पहिले औषध म्हणजे मीठ-साखरेची ओआरएसची पुडी आणि १४ दिवस झिंकची गोळी. दोन्ही आशाताईंकडे मिळतात. आईचे दूध आणि जेवण चालू ठेवायचे. शौचात रक्त पडले, मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा पाणी पोटात ठरेना, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आणि भावांनो, यात आपलाही दोष आहे, तो कबूल करू. गाईला दगडी झाली की सडात प्रतिजैविकाची नळी सोडतो. औषधावर लिहिलेले असते की इतके दिवस दूध विकू नका. किती जण पाळतो? त्या दुधाला विरजण लावून बघा, दही नीट लागत नाही. जे औषध विरजणाचे जिवाणू मारते, ते दूध पिणाऱ्याच्या पोटात काय करील? कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची चाल पडली. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या क्षणी राखून ठेवलेले औषध. ते कोंबड्यांना चारले जात होते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरे आणि कोंबड्यांसाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. वास्तविक कोंबडीवाल्यांकडे दुसरी वाट होती. फिनलंडच्या नुर्मी आणि रंटाला यांनी १९७३ सालीच दाखवले होते की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिलाला पहिल्याच दिवशी दिले तर साल्मोनेलाला जागाच उरत नाही. भरल्या शेतात तण कमी, हा साधा न्याय आहे.

घरी काय करता येईल

बायांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. विरजणात काय कमी आहे? घरच्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण कोणते आणि किती ते घरोघरी वेगळे. म्हणून दह्याला औषध म्हणता येणार नाही. अन्न म्हणून मात्र त्याची बाजू भक्कम आहे. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले आणि निकाल २०२१ साली दिला. दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातली दाहाशी निगडित १९ प्रथिने कमी झाली. नुसते तंतू वाढवलेल्या गटात तेवढ्या दिवसांत ही घट दिसली नाही. प्रयोग लहान आहे, पण त्यावरून दही आणि भाकरी ही एकमेकांच्या जागी नव्हेत, एकाच ताटात हवीत, असे आम्ही समजलो. एक ध्यानात ठेवा, कढी उकळली की जिवाणू मरतात. जिवंत हवे असतील तर ताक तसेच प्या.

पण ताक प्यायचे तर दूध घरात उरले पाहिजे. आमच्या गावांत पहाटे सगळे दूध संकलन केंद्रावर जाते आणि शेतकऱ्याचे पोर कोरा चहा पिते. पैशाची नड आम्हाला कळते. ती आम्हालाही आहे. तरी घरात लहान मूल आणि म्हातारे माणूस आहे तोवर अर्धा लिटर दूध चुलीवर राहू द्या, एवढे मागणे आहे.

शेवटचे उदाहरण ढाक्याचे. तिथल्या मीरपूरच्या झोपडपट्टीत एक-दीड वर्षाची, वजनाने कमी असलेली १२३ मुले घेतली. निम्म्यांना नेहमीचे तयार पोषक खाद्य, आणि निम्म्यांना आतड्यातल्या जिवाणूंना काय हवे ते शोधून बनवलेले खाद्य. या दुसऱ्या खाद्यात उष्मांक कमी होते, तरी त्यावरच्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. हा निकालही २०२१ सालचा. त्या खाद्यात काय होते ते ऐका : हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणा, सोयाबीनचे पीठ आणि कच्ची केळी, त्यांत थोडी साखर, तेल आणि जीवनसत्त्वे. आता मराठवाड्याच्या माणसाने सोयाबीन आणि हरभरा आठवावा, जळगावच्या माणसाने केळी आठवावी. जगभरच्या प्रयोगशाळा धुंडाळून जे सापडले ते आपल्या बांधाच्या आत उभे आहे, आणि आपण ते विकून पोराला बिस्किटाचा पुडा आणतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पिठाचा कोंडा चाळून टाकू नका. आठवड्यातून चार-पाच वेळा वेगवेगळी कडधान्ये शिजवा. हुलगा, मटकी, चवळी, मूग, जे पिकते ते. पालेभाजी रोज. ज्याला सवय नाही त्याने हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. गाईचा चारा तरी आपण एका दिवसात कुठे बदलतो! पाणी झाकलेले आणि स्वच्छ. प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. ज्यांना साखरेची, रक्तदाबाची, क्षयाची औषधे चालू आहेत त्यांनी ताकाच्या भरवशावर ती बंद करू नयेत. ज्यांना आतड्याचे जुने दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खाणे बदलावे. जमीन सुधारायला काही हंगाम जातात. पोटालाही वेळ द्या.

आजही बाहेर एखादी गाडी उभी असेल. तिला हाकलून द्या असे आम्ही म्हणत नाही, ज्याचा त्याचा धंदा आहे. मात्र तिच्यापुढे उभे राहून ते चार प्रश्न मोठ्याने विचारा : वाण कोणता, जिवंत किती, ठेवायचा कसा, कोणत्या आजारात पटला? उत्तर पटले तर पैसे द्या. नाही पटले तर तेच पैसे घेऊन घरी जा, संध्याकाळचे दूध राखा आणि कोमट असताना त्याला विरजण लावा. पुढच्या मेळाव्यात कोणाच्या घरी दूध राहिले आणि कोणाच्या नाही, हे आम्ही हात वर करून विचारणार आहोत.